‘अगदी खरं सांग हं’ : हे आपण मनापासून म्हणतो का?

कोरा_कागद

मंडळी, एक कबुली द्यायची आहे, आणि तिच्या पोटातून निघालेला एक प्रश्न.

चार वर्षं मी एक कादंबरी लिहीत होतो. नोकरी सांभाळून, रात्री अकरानंतर. पूर्ण झाल्यावर चौघांना वाचायला दिली आणि चौघांनाही तेच बजावलं, "अजिबात भीड ठेवू नका, वाटेल ते तोंडावर सांगा." तिघांनी आठवड्याभरात "मस्त जमलंय" कळवलं. त्यातल्या एकाने "जराशी लांबली का?" असं विचारलं, पण लगेच "माझंच वाचन कमी पडतंय" अशी सारवासारवही करून टाकली. चौथा माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याने महिना घेतला आणि हाताने लिहिलेली तीन पानं माझ्या पुढ्यात ठेवली. पान क्रमांकांसकट. कुठे कंटाळा आला, कुठल्या पात्राच्या तोंडून लेखकच बोलतो, मधली साठ पानं का उडवावीत, सगळं.

मी त्याला मिठी मारली. "असा वाचक मिळायला नशीब लागतं," असंही म्हणालो. ही गोष्ट फेब्रुवारीतली. तेव्हापासून आजतागायत मी त्याला एकही फोन केलेला नाही. त्याचे दोन आले, ते उचलले नाहीत. मीटिंगमध्ये होतो असं ठोकून दिलं. आणि या काळात त्याच्यातले दोष मला धडाधड दिसायला लागलेत. तो किती हिशेबी आहे, बायकोशी कसा तुसडेपणाने बोलतो, स्वतः त्याने आयुष्यात असं काय लिहिलंय. वीस वर्षांत यातलं काही दिसलं नव्हतं, ते पाच महिन्यांत दिसलं.

चारचौघांत "मला तोंडदेखलं बोलणारी माणसं आवडत नाहीत" असं सांगत फिरणारा मी. मग मला नक्की काय हवं होतं? आणि तुम्हाला काय हवं असतं? उत्तर देताना भीड ठेवू नका, असं लिहिणार होतो. हात आखडला.

आडमाप

सोपं आहे. लोकांना कौतुकच हवं असतं, फक्त त्यावर ‘खरं’ असा शिक्का मारून हवा असतो. शिक्का नसला की कौतुक हलकं वाटतं, म्हणून आधी "खरं सांग" म्हणायचं.

मी आयुष्यभर तोंडावर बोलत आलो. नातेवाईक तुटले, दोन नोकऱ्या गेल्या, मेहुणा बोलत नाही. पण रात्री झोप शांत लागते. तुमच्या मित्राने बरोबर केलं. तुम्ही कच्चे निघालात, एवढंच.

उंटावरचा_शहाणा

आडमापराव, मेहुणा बोलत नाही म्हणून झोप शांत लागते असं तर नाही ना? :)

शुक्रतारा

कोरा_कागद, पहिल्यांदा तुमचं अभिनंदन. असं स्वतःबद्दल लिहिणं सोपं नाही.

आडमाप, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका (मानलात तरी चालेल, तुम्हाला स्पष्ट बोलणं आवडतंच). एखाद्याच्या तोंडावर चांगलं काही तुम्ही शेवटचं कधी बोललात? म्हणजे "तुझं हे बोलणं मला महिनाभर पुरलं" किंवा "त्या दिवशी तू होतीस म्हणून मी उभी राहिले" असं काही? तेही खरंच असतं की. स्वतःला फटकळ म्हणवणाऱ्यांचं सत्य एकाच दिशेने का वाहतं, हे कोडं मला सुटलेलं नाही. कौतुक मनात ठेवायचं आणि दोष तेवढे जिभेवर, याला प्रामाणिकपणा कसं म्हणायचं?

आडमाप

कौतुक करणारे गल्लोगल्ली आहेत. त्यात माझी भर कशाला?

शुक्रतारा

बायकोला विचारून बघा, ते गल्लोगल्लीवाले तिच्यापर्यंत पोचलेत का.

आकडेमोड

या विषयावर बरंच संशोधन झालंय. थोडं मांडतो, कारण गाडी ‘लोक ढोंगी असतात’ या स्टेशनात अडकेल असं दिसतंय.

२०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासातला प्रयोग मला फार आवडतो. सर्वेक्षण घेणारी व्यक्ती चेहऱ्यावर ठळक डाग घेऊन लोकांसमोर उभी राहते. पुसायला दोन सेकंद लागतील असा डाग. तो दिसल्याचं १५५ जणांनी नंतर कबूल केलं. त्या व्यक्तीला तिथल्या तिथे सांगितलं ते चौघांनी. त्याच अभ्यासमालेत पुढे असं दिसलं की समोरच्याला आपला अभिप्राय किती हवा असेल याचा आपला अंदाज सतत कमी पडतो. सांगायला नको असं आपल्याला वाटतं, आणि समोरचा तर वाट बघत असतो.

म्हणजे एका बाजूने पाहिलं तर लोकांना खरं हवं असतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या एका संशोधनात वाईट बातमी नुसती पोचवणारा माणूस ऐकणाऱ्याला नावडता होतो असं आढळलं, त्या बातमीत त्याचा काडीचाही हात नसला तरी. लोकांना हे आतून ठाऊक असतं म्हणून ते गप्प राहतात. हा कल रोझेन आणि टेसर यांनी १९७० मध्येच नोंदवून ठेवलाय. चांगली बातमी सांगायला माणूस धावतो, वाईट असली की त्याची पावलं जड होतात.

कोरा_कागद, या दोन्ही गोष्टी तुमच्यात एकाच वेळी घडल्या. तुम्हाला डाग कुठे आहे ते कळायला हवं होतं, आणि ज्याने दाखवला तो डोळ्यासमोर नको झाला.

उंटावरचा_शहाणा

डागावरून आठवलं. मी एकदा पँटची चेन उघडी ठेवून चाळीस मिनिटं प्रेझेंटेशन दिलं. समोर अकरा जण. नंतर प्रत्येक जण म्हणाला, "मला वाटलं दुसरं कोणीतरी सांगेल." आजही त्या अकरांपैकी कोणी मला "तू माझा जवळचा" म्हटलं की माझा हात आपोआप खाली जातो.

खडूस_आजोबा

‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्’ हे सगळ्यांना पाठ असतं, कारण ते सोयीचं आहे. कटू सत्य बोलायचं नाही, झाली सुटका. पण त्याची पुढची ओळ कोणी म्हणत नाही. ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’. गोड लागणारं खोटंही बोलायचं नाही. आता कटू सत्यही नको आणि गोड खोटंही नको म्हटल्यावर तुमच्या त्या तीन "मस्त जमलंय"वाल्यांनी करायचं काय? त्यांच्यापुढे गप्प बसणं एवढीच वाट उरते. आणि लेखकाची कादंबरी घेऊन महिनाभर गप्प बसलेला वाचक सर्वांत भयंकर.

रामायणात याहून धारदार बोल आहेत. रावण सीताहरणाचा बेत घेऊन मारीचाकडे जातो तेव्हा मारीच त्याला सुनावतो की राजा, गोड बोलणारे ढिगाने मिळतील. न आवडणारं पण हिताचं सांगणारा दुर्मिळ, आणि ऐकणाराही. ‘वक्ता श्रोता च दुर्लभः’. पुढे युद्धाच्या तोंडावर बिभीषणही त्याला हेच ऐकवतो. रावणाने एकाला जिवे मारायची धमकी दिली आणि दुसरा अपमान सोसून निघून गेला. आपण पोरांना शिकवतो ते खरं बोलायला. ऐकायला कुठे शिकवतो?

(तुमची साठ पानं मात्र काढाच. न वाचता सांगतो.)

नाडीपरीक्षा

मी कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करते, त्यामुळे "खरं सांगा डॉक्टर" हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा कानावर पडतं. थोडं लांबलचक लिहिणार आहे.

आमच्या पेशाचा या बाबतीतला इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १९६१ मध्ये डोनाल्ड ऑकेन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या दोनशेच्या वर डॉक्टरांना विचारलं, कर्करोग असल्याचं रुग्णाला सांगता का? जवळपास ९० टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत अख्खा व्यवसाय एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला. उपचार सुधारले होते, रुग्णाची संमती घेणं आवश्यक झालं होतं, लोकही प्रश्न विचारायला लागले होते.

पण ‘सांगायचं’ ठरल्यावर नवीनच गोंधळ झाला. काही डॉक्टर दारात उभ्या उभ्या सांगून मोकळे व्हायचे. खरं बोलल्याचं समाधान डॉक्टरला, आणि खोलीत उरलेला माणूस एकटा. म्हणून २००० मध्ये बेली, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. तिच्यातली तिसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. ती अशी की, सांगण्याआधी विचारा. "तुम्हाला सगळं तपशिलात ऐकायचंय, की पुढे काय करायचं तेवढंच?" परवानगी मागायची आणि मिळेल तेवढंच बोलायचं.

पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की या प्रश्नाचं उत्तरही माणूस बदलत राहतो. एक निवृत्त गृहस्थ होते. मी विचारलं तर ताठ बसून म्हणाले, "सगळं सांगा, मी हिशेबनीस होतो, आकड्यांना घाबरत नाही." मी सुरुवात केली. पहिलं वाक्य संपलं आणि ते म्हणाले, "तो पंखा जरा कमी करता का?" मी पंखा कमी केला आणि त्या दिवशी पुढे काही बोलले नाही. चार दिवसांनी ते स्वतःच आले, वही घेऊन. "आता पुढचं."

त्यांना खरं हवं होतं का? हवंच होतं. पंखा कमी करा म्हणाले त्या क्षणी हवं होतं का? नाही. दोन्ही खरं आहे.

आणखी एक रोजचं. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये गाठून सांगतात, "त्यांना कळू देऊ नका, खचतील." आत गेलं की रुग्ण हळूच म्हणतो, "घरच्यांना सांगू नका, त्यांना झेपणार नाही." दोघांनाही माहीत असतं. दोघंही एकमेकांसाठी नाटक वठवत असतात, आणि मी मध्ये उभी. कधी कधी वाटतं ते खोटं नाहीच, तो एकमेकांचा हात धरण्याचाच एक प्रकार आहे. कधी वाटतं, उरलेले दिवस असे वाया का घालवताय. या बाबतीत मी अजून कुठल्याच मुक्कामाला पोचलेले नाही.

पारिजातक

नाडीपरीक्षा, तो पंखा डोक्यातून जाणार नाही आता.

मी इथे सहसा नुसती वाचते. आज लिहिते. माझा घटस्फोट झाला त्याला आता सहा वर्षं होतील. तो झाल्यावर एकेक जण येऊन म्हणाला, "आम्हाला पहिल्यापासून वाटत होतं." मैत्रिणी, चुलत बहीण, ऑफिसमधली एक. मी रागाने पेटले होते. वाटत होतं तर बोललात का नाही? माझी आठ वर्षं गेली. तुम्ही लग्नात फोटो काढत होतात! दोन वर्षं मी हे गाऱ्हाणं प्रत्येकाला ऐकवलं. मला कोणीच खरं सांगितलं नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

मग एक दिवस आई शांतपणे म्हणाली, "मावशीने सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरंच. साखरपुड्याच्या आधी धाकटी मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "हा मुलगा तू बोलत असताना तुझ्याकडे बघत नाही. एकदा नीट बघ." एवढंच. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या स्वतःच्या संसारावरून बोलले होते मी. ती लग्नाला आली, मागच्या रांगेत बसली आणि लवकर गेली. पुढे आमच्यात आल्यागेल्यापुरतंच उरलं. आणि गंमत बघा, मी ते विसरले होते. सोयीस्कर नाही, खरोखर विसरले होते. "कोणीच सांगितलं नाही" हे माझ्या लेखी शंभर टक्के सत्य होतं.

त्यामुळे बाकीचे का गप्प बसले ते मला आता कळतं. त्यांनी मावशीचं काय झालं ते बघितलं होतं.

शुक्रतारा

पारिजातक, मावशीशी नंतर बोललात?

पारिजातक

हो. माफी मागितली. ती म्हणाली, "मला तरी कुठे खात्री होती? मीसुद्धा अंदाजानेच बोलले." हे मला जास्त लागलं. मी तिला इतकी वर्षं मनात ‘आगाऊ’ ठरवून ठेवलं होतं, आणि ती बिचारी घाबरत घाबरत बोलली होती.

नटबोल्ट

घरचं सोडा, जिथे माणसांचे जीव टांगणीला लागलेले असतात तिथेही हेच चालतं. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान १९८६ च्या २८ जानेवारीला उडालं आणि ७३ सेकंदांत सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर घसा फोडून सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण नको. तेव्हा त्यांच्याच एका अधिकाऱ्याला वरिष्ठ म्हणाले, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. हे पुढे चौकशीत नोंदलं गेलंय. सत्य सांगितलं गेलं होतं, ऐकूही गेलं होतं. ते फक्त अडचणीच्या दिवशी आलं होतं.

उलटा दाखला विमानक्षेत्रातलाच. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना स्वतःच्या चुका कळवण्याची एक सोय आहे. अहवालातून नाव काढून टाकतात, आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल व दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंडही माफ. का? कारण खरं बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली तर उद्या कोणी बोलणार नाही, हे त्यांनी मान्य करून टाकलं. "आमच्याकडे सगळे प्रामाणिक आहेत" असं म्हणत बसले नाहीत.

घरात अशी काही सोय करता येईल का, यावर विचार चालू आहे. बायको म्हणते, आधी दहा दिवसांत कळवायला शीक.

मधल्या_सुट्टीत

ऑफिसमधला ‘मोकळेपणाने बोला’वाला फॉर्म कोणी भरलाय का? आमच्याकडे निनावी होता. टीममध्ये आम्ही चार जण. मी लिहिलं तेवढंच एक उत्तर शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय होतं. लगेच सापडले.

आकडेमोड

फॉर्मवरून एक सांगायचं राहिलं. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे जुने प्रयोग गोळा केले. ६०७ निष्कर्ष, तेवीस हजारांहून अधिक निरीक्षणं. सरासरी काढली तर अभिप्रायाने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम उलट बिघडलं! त्यांनी कारण असं मांडलं की ऐकणाऱ्याचं लक्ष हातातल्या कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याच्यावर गेलं की अभिप्राय फुकट जातो.

कोरा_कागद, तुमच्या मित्राची तीन पानं पुस्तकाबद्दल होती, पान क्रमांकांसकट. तुम्ही ती स्वतःबद्दलची म्हणून वाचली का?

आडमाप

हे आकडे वगैरे ठीक. पण मग सांगणाऱ्याने करायचं काय? प्रत्येक वेळी समोरच्याची नाडी बघायची, परवानगी मागायची, पंखा कमी करायचा? एवढं जपून बोलायचं तर त्यापेक्षा न बोललेलं बरं. मग सगळे "मस्त जमलंय"वालेच उरतील.

नाडीपरीक्षा

आडमाप, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जपून बोलण्याच्या नावाखाली कधीच न बोलणारे डॉक्टर मी पाहिलेत. "अजून वेळ आलेली नाही" म्हणत म्हणत वेळ निघून जाते आणि माणसाची व्यवहाराची कागदपत्रंसुद्धा करायची राहतात. तो अपराध दारात उभ्याने सांगण्यापेक्षा लहान नाही.

पण परवानगी मागायला किती वेळ लागतो? एक वाक्य. मी तर म्हणेन, परवानगी मागितली की समोरच्यालाच कळतं आपण काय मागितलंय ते.

खडूस_आजोबा

आडमाप, माझ्या वयाला तुम्ही पोचलात की कळेल. "झोप शांत लागते" म्हणणारे आम्ही बरेच होतो. त्यातल्या निम्म्यांना आता फोन करायला कोणी नाही. मी स्वतः त्या यादीत होतो, म्हणून ‘खडूस’ हे नाव घेतलं. पोरांनी ठेवलेलं आहे.

आडमाप

…

बरं. बायकोला विचारलं. (शुक्रतारा, तुमच्यामुळे.) "मी तुझं कौतुक कधी केलं होतं" असं विचारलं. ती म्हणाली, "खरं सांगू का?" मी म्हणालो, राहू दे.

उंटावरचा_शहाणा

आजवरचा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. दंडवत.

कोरा_कागद

सगळं दोनदा वाचलं. उत्तरं द्यायला उशीर झाला, कारण मध्ये काही घडलं.

आधी आकडेमोडांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, स्वतःबद्दलची म्हणूनच वाचली. ‘पान ११२, संवाद लांबला’ याचा अर्थ मी ‘तू बोलघेवडा आहेस’ असा घेतला. ती पानं मी फेब्रुवारीत एकदाच वाचली होती, तीही उभ्याने. परवा पुन्हा काढली. त्यात चांगल्या गोष्टीही होत्या. मोजल्या, नऊ होत्या. पहिल्या वाचनात एकही दिसली नव्हती. एका प्रसंगापुढे त्याने लिहिलंय, ‘इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो’. हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि मला आठवत नव्हतं!

दुसरं त्याहून लाजिरवाणं. तारखा ताडून पाहिल्या. चौघांना वाचायला दिलं त्याच्या आठ दिवस आधीच मी हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवून बसलो होतो. म्हणजे "भीड ठेवू नका" म्हणालो तेव्हा बदल करायचा माझा विचारच नव्हता. निर्णय झालेला होता, मला वरात हवी होती. तिघांनी ते बरोबर ओळखलं आणि वरातीत नाचले. चौथ्याने माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला. त्या तिघांना मी इतके दिवस खोटारडे समजत होतो. आता वाटतं, त्यांनी माझा खरा प्रश्न ऐकला आणि त्याचं उत्तर दिलं. खोटं मीच विचारलं होतं.

(प्रकाशकांनी नकार दिला. कारण दिलेलं नाही. दोन ओळी, त्यातली एक शुभेच्छांची.)

शुक्रतारा

‘खोटं मीच विचारलं होतं’. यावर थोडी थांबले.

तरी त्या तिघांना इतकं सहज सोडू नका. नऊ चांगल्या गोष्टीसुद्धा त्यांनी सांगितल्या नव्हत्या ना? "मस्त जमलंय" म्हणायला पुस्तक उघडावंही लागत नाही. वरातीत नाचणं ठीक आहे, पण नवरा कोण ते तरी माहीत हवं.

मधल्या_सुट्टीत

मी दोनदा अशी हस्तलिखितं ‘वाचली’ आहेत. प्रस्तावना आणि शेवटची दहा पानं. शुक्रतारा, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का?

पारिजातक

कोरा_कागद, मित्राला फोन केलात?

कोरा_कागद

केला. आधी पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मग मी म्हणालो, तुझ्या तीन पानांमुळे मी तुला टाळत होतो. तो म्हणाला, "माहीत आहे. दुसऱ्यांदा मीटिंग म्हणालास तो रविवार होता."

मी माफी मागितली. त्यावर तो म्हणाला, "अरे, मी तरी कुठे सगळं लिहिलं होतं. संवाद, लांबी, ते सगळं वरवरचं. मुख्य गोष्ट मी लिहिलीच नाही. तू मिठी मारलीस तेव्हा तोंडावर आली होती, गिळली."

म्हणजे ज्याला मी पाच महिने निष्ठुर समजत होतो, त्यानेही मला जपूनच दिलं होतं.

नटबोल्ट

आणि ती मुख्य गोष्ट काय?

कोरा_कागद

अंदाज आहे. कादंबरीत एक वडील आहेत. माझ्या वडिलांना ओळखणाऱ्या कोणालाही ते कोण हे कळेल. आणि त्यांच्याशी वीस वर्षं न बोललेला एक मुलगा आहे, जो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बरोबर असतो. माझा मित्र आमच्या घरी यायचा. त्याने दोघांनाही पाहिलंय.

पण हा माझा अंदाज. त्याने सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "फोनवर नको. तुला ऐकायचं असेल तर भेटून सांगतो. नसेल तर तसं म्हण, मी मनाला लावून घेणार नाही." नाडीपरीक्षा, त्याने तुमचा प्रतिसाद वाचलाय की काय असं वाटलं. तो इथे नाही.

नाडीपरीक्षा

मग तुम्ही काय म्हणालात?

कोरा_कागद

शनिवारी ये म्हणालो.

उंटावरचा_शहाणा

आज शनिवारच आहे.

कोरा_कागद

हो. आला आहे. तो खाली गाडी लावतोय, मी खिडकीत उभा राहून हे टाइप करतोय. पंखा आधीच कमी करून ठेवलाय.